वेंगरविरुद्धची निदर्शनं: चाहत्यांचा हक्क की कृतघ्नपणा?

हायबरीकर

लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी 2016 ते 2018 या काळात क्लबचा मॅनेजर आर्सेन वेंगरविरुद्ध फलक धरले, मोर्चा काढला आणि शेवटी स्टेडियममध्ये जाणंच सोडलं. आजही हा विषय निघाला की ‘ज्याने क्लब घडवला त्यालाच हाकलायला निघालेले कृतघ्न लोक’ असा निकाल लावून सगळे मोकळे होतात. मला हा निकाल अजिबात मान्य नाही. ती निदर्शनं योग्य होती, उलट दोन वर्षं उशिरा झाली असं माझं मत आहे.

वेंगरचं मोठेपण कोणी नाकारत नाही. 1996 च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या नागोया ग्रॅम्पसमधून हा माणूस लंडनला आला तेव्हा इंग्लंडमध्ये त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. पुढच्या आठ वर्षांत तीन वेळा लीग (इंग्लंडची प्रीमियर लीग) जिंकली. 2003-04 मध्ये तर 38 पैकी एकही सामना न हरता, 26 विजय आणि 12 बरोबरी. एफए कप (इंग्लंडचा बाद पद्धतीचा करंडक) एकूण सात, इतके दुसऱ्या कुठल्याही मॅनेजरचे नाहीत.

पण 2004 नंतर लीग एकदाही नाही. 2005 च्या एफए कपनंतर 2014 पर्यंत कपाटात काहीच नाही. 2006 मध्ये हायबरी हे जुनं स्टेडियम सोडून साठ हजारांच्या नव्या एमिरेट्समध्ये गेलो, कर्ज होतं, कळ काढा असं सांगितलं गेलं. लोकांनी कळ काढली. फाब्रेगास गेला, नासरी गेला, व्हॅन पर्सी थेट मँचेस्टर युनायटेडला गेला, तरी काढली. 2013 मध्ये ओझिलसाठी सव्वाचार कोटी पौंड मोजले गेले, तेव्हा पैशाची अडचण संपली हे उघड झालं. मग पुढे काय?

माझ्या दृष्टीने खरा गुन्हा 2015-16 चा. चेल्सी कोसळलेली, दोन्ही मँचेस्टर चाचपडत होते, लिव्हरपूल मधेच मॅनेजर बदलून बसलेलं. लीग कोणी जिंकली? लेस्टरने! आणि त्या लेस्टरला आपण त्या मोसमात दोन्ही वेळा हरवलं होतं, त्यांच्या घरी 5-2 आणि आपल्या घरी वेलबेकच्या शेवटच्या क्षणीच्या हेडरवर 2-1. तरी दहा गुणांनी मागे राहून दुसरे. त्याआधीच्या उन्हाळ्यात पेट्र चेक हा गोलकीपर सोडला तर मुख्य संघासाठी एकही खेळाडू घेतला नव्हता. हा निर्णय बँकेचा नव्हता, वेंगरचा होता.

खेळाडू कोण घ्यायचा, किती पगार द्यायचा, कोणाला खेळवायचं, सगळं एका माणसाच्या हातात. सत्ता पूर्ण असेल तर जाबही त्यालाच विचारणार ना?

नागोया

हायबरीकर, तुम्ही जे लिहिलंत ते खरं असूनही अर्धवट आहे.

2003 मध्ये चेल्सीत रशियन अब्जाधीश अब्रामोविच मालक म्हणून आला, 2008 मध्ये मँचेस्टर सिटीत अबू धाबीचा पैसा आला. नेमक्या त्याच काळात आर्सेनल स्टेडियमचे हप्ते फेडत होतं. कर्ज देणाऱ्या बँकांना आपण पाच वर्षं राहणार याची हमी हवी होती, हे वेंगर यांनी स्वतः सांगितलं आहे. मॅनेजरच्या सहीवर स्टेडियम उभं राहतं, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. दरवर्षी उत्तम खेळाडू विकून नव्या पोरांना घेऊन त्यांनी सलग 19 मोसम चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) खेळून दाखवली. लीगमध्ये पहिल्या चारांत येणं, म्हणजे चॅम्पियन्स लीगला पात्र होणं, ही ट्रॉफीच आहे असं ते म्हणायचे तेव्हा लोक हसले. 2017 मध्ये 75 गुण मिळवूनही एका गुणाने पाचवे आलो आणि ते किती अवघड होतं हे कळलं.

आणि ज्याला तुम्ही निदर्शनं म्हणताय त्यातलं बरंचसं निदर्शन नव्हतंच. डिसेंबर 2014 मध्ये स्टोकला हरल्यावर रेल्वे स्टेशनवर गाडीत चढणाऱ्या 65 वर्षांच्या माणसाला आपल्याच चाहत्यांनी घेरून हुर्यो उडवली. याला जाब विचारणं म्हणतात का? ज्या घरात कर्त्या माणसाने आयुष्य घातलं त्याच घरात म्हातारपणी त्याचं ताट बाजूला सरकवावं, तसं ते दृश्य होतं. मला आजही ते बघवत नाही.

हायबरीकर

स्टोक स्टेशनवरचा प्रकार घाणेरडाच होता, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तो आणि 30 एप्रिल 2016 चा नॉर्विचचा सामना एका पारड्यात टाकू नका. तिथे चाहत्यांच्या संघटनांनी आधी जाहीर करून, बाराव्या आणि 78 व्या मिनिटाला ‘बदलाची वेळ आली’ असे कागदी फलक धरायचे ठरवलं होतं. लीग जिंकून बारा वर्षं झाली होती म्हणून बारावं मिनिट. शिवी नाही, धक्काबुक्की नाही. आणखी सभ्य काय असू शकतं?

कोथरूड_गनर

आणि विमानं? वेस्ट ब्रॉमच्या सामन्यात (मार्च 2017) एका गटाने ‘नवा करार नको’ असं लिहिलेला कापडी फलक विमानाला बांधून स्टेडियमवरून फिरवला, तर दुसऱ्या गटाने ‘आर्सेनवर आमचा विश्वास आहे’ असं लिहिलेलं विमान सोडलं. खाली आपण 3-1 हरत होतो. त्या दिवशी आर्सेनलचा चाहता म्हणून लाज वाटली. दोन्ही बाजूंची.

इझलिंग्टनची_मधुरा

मी त्या काळात उत्तर लंडनमध्ये राहत होते आणि नॉर्विचच्या सामन्याला हजर होते, म्हणून लिहिते आहे.

बाहेर फलक वाटत होते. बाराव्या मिनिटाला काही भागांत ते वर गेले, पण फार नाही. आणि त्याच क्षणी बाकीच्या स्टँड्समधून ‘आर्सेन वेंगर एकच’ हे गाणं इतक्या जोरात सुरू झालं की सामना कोणाशी चालू आहे हेच विसरायला झालं. 78 व्या मिनिटाला पुन्हा तेच. माझ्या डावीकडचा माणूस फलक धरून उभा, त्याच्या पुढचा वळून त्याला खाली बसायला सांगतोय. दोघंही कित्येक वर्षं त्याच खुर्च्यांवर बसणारे. हायबरीकर म्हणतात तसं ते सभ्य होतं, पण त्यातून साधलं काय? क्लबच्या मालकाला जे हवं असतं तेच झालं: चाहते एकमेकांशी भांडले.

मला वाटतं तुम्ही दोघंही चुकीच्या माणसाबद्दल बोलताय. 2011 पासून क्लबचे बहुतांश शेअर स्टॅन क्रोंके यांच्याकडे होते. ते अमेरिकेत राहायचे, सामन्यांना क्वचित दिसायचे, बोलायचे त्याहून क्वचित. इथे सर्वांत स्वस्त सीझन तिकीटसुद्धा हजार पौंडांच्या आसपास होतं. वेंगरला दर दोन-तीन वर्षांनी नवा करार कोण देत होतं? चॅम्पियन्स लीगचे पैसे येताहेत, स्टेडियमची तिकिटं विकली जाताहेत, मग लीग जिंकली काय आणि नाही काय, असा हिशेब कोणाचा होता? पण मालक टचलाइनवर उभा नसतो. लांब कोट घालून दर आठवड्याला समोर दिसणारा माणूस वेंगर होता, म्हणून सगळा राग त्याच्यावर गेला.

नागोया

मधुराताई, अगदी हेच. +1

हायबरीकर

मधुरा, मालकाचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यामुळे वेंगर सुटत नाही. मालक ढिला असला की मॅनेजरची जबाबदारी वाढते. दुसऱ्या मोठ्या क्लबांत खेळाडूंच्या खरेदीला वेगळा प्रमुख होता. आपल्याकडे अशा कामासाठी मिस्लिंटाट आणि सानलेही येईपर्यंत 2017-18 चा मोसम उजाडला. इतकी वर्षं ती जागा रिकामी राहिली कारण वेंगरला आपल्या कामात दुसरा कोणी नको होता. 2017 मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिकने दोन्ही सामन्यांत 5-1, म्हणजे एकूण 10-2 असं धुतलं. परतीच्या सामन्याआधी जुन्या हायबरीपासून एमिरेट्सपर्यंत दोनेकशे लोकांनी मोर्चा काढला. दोनेकशेच होते म्हणून ते चूक होते का?

फलकांनी काही झालं नाही हे मात्र खरं. मे 2017 मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीला हरवलं आणि चार दिवसांत दोन वर्षांचा नवा करार जाहीर. मोर्चा, विमान, सगळं फुकट. पुढच्या वर्षी मात्र लोकांनी आवाज न करता यायचं थांबवलं. 1 मार्च 2018 ला सिटीविरुद्ध घरच्या मैदानावर 3-0 हरलो. बर्फ पडत होता हे मान्य, पण रांगाच्या रांगा लाल खुर्च्या दिसत होत्या. क्लब विकलेली तिकिटं मोजतो, आलेली माणसं नाही, म्हणून अधिकृत आकडा मोठाच लागला. तिकीट घेऊनही माणूस येत नसेल तर पुढच्या वर्षी तो तिकीट घेणार नाही, एवढं मालकाला समजतं. 20 एप्रिलला वेंगर जात असल्याची घोषणा झाली.

कोथरूड_गनर

मला एक वेगळाच प्रश्न पडतो. आपण पुण्यात, मुंबईत रात्री साडेआठला टीव्हीसमोर बसणारे. आपल्यापैकी किती जणांनी त्या वर्षांत ‘वेंगर आऊट’ लिहिलं? मी लिहिलं होतं. स्टेडियमबाहेर चित्रित केलेले संतापलेल्या चाहत्यांचे व्हिडिओ सामना संपल्याबरोबर आपल्याकडे व्हॉट्सॲपवर यायचे. तिकडच्या माणसाने हजार पौंड मोजलेले असतात, आपण महिन्याचं चॅनेलचं शुल्क. तरी आवाज आपलाही त्यात मिसळलेला होता. आपल्याला तो हक्क होता असं वाटतं का तुम्हाला?

हायबरीकर

होता. मत मांडायला तिकीट लागत नाही. पण मोर्चा तिकिटवाल्यांनीच काढावा, कारण नुकसान सोसून बोलण्याला वजन असतं.

नागोया

वजनाचंच बोलायचं तर फेब्रुवारी 2016 मधलं लिव्हरपूलचं बघा. नव्या स्टँडमधलं एक तिकीट 77 पौंड होणार म्हणताच 77 व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून बाहेर गेले. संघ तेव्हा 2-0 ने पुढे होता, सामना 2-2 झाला. काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली, माफी मागितली. मागणी एक, ठोस, आणि थेट मालकाकडे. आर्सेनलच्या लोकांनी काय मागितलं? एका माणसाने निघून जावं. त्यानंतर कोण यावं, क्लब कसा चालवावा, यावर कोणाकडे काही नव्हतं.

परिणाम समोर आहे. वेंगरनंतरचा मॅनेजर एमरी दीड वर्षात गेला. 2019-20 ला आठवे, 2020-21 ला पुन्हा आठवे. सलग 25 मोसम युरोपात खेळलेला क्लब 2021-22 ला युरोपाबाहेर. ज्या पाचव्या-सहाव्या क्रमांकासाठी वेंगर यांना घालवलं, तो नंतर मिळवायलाही घाम फुटला.

इझलिंग्टनची_मधुरा

नागोया, लिव्हरपूलचं उदाहरण चांगलं दिलंत, पण आठव्या क्रमांकाचा अर्थ मी वेगळा लावते. एक माणूस गेल्यावर क्लब इतका कोसळतो म्हणजे त्याच्याखाली काही बांधलेलंच नव्हतं. त्यात वेंगरचा वाटा आहेच, फक्त तो एकटा नाही.

एमरीनंतरचा मॅनेजर आर्टेटाबद्दल मात्र सांगते. दोनदा आठवे येऊनही त्याच्याविरुद्ध असा मोर्चा निघाला नाही. एप्रिल 2021 मध्ये युरोपियन सुपर लीगचं (बड्या क्लबांनी स्वतःपुरती वेगळी लीग काढण्याचं) प्रकरण झालं तेव्हा एव्हर्टनच्या सामन्याआधी हजारो लोक एमिरेट्सबाहेर जमले आणि घोषणा होत्या क्रोंकेविरुद्ध. या वेळी पत्ता बरोबर होता. त्याच मॅनेजरला वेळ मिळाला आणि नंतर सलग तीन वर्षं दुसरा क्रमांक आला. लोक बदलले नव्हते. काय मागायचं ते त्यांना कळलं होतं.

नागोया

आणि वेंगर? 6 मे 2018 ला बर्नलीला 5-0 हरवून निरोप घेतला. त्या दिवशी सगळं स्टेडियम लाल टी-शर्टमध्ये, ‘मर्सी आर्सेन’. त्यात फलक धरणारेही असतील. पुढे 2022 च्या डिसेंबरपर्यंत ते एमिरेट्सवर सामना बघायला आले नाहीत. साडेचार वर्षं! 2023 मध्ये स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा उभा केला, छान केलं. पण जिवंत माणसाला घराचा उंबरा ओलांडावासा का वाटला नाही, याचं उत्तर निदर्शनांचं समर्थन करणाऱ्यांनी द्यावं.

हायबरीकर

त्यांना दुःख झालं असणार, ते मला कळतं. त्याचं ओझं शिव्या देणाऱ्यांवर आहे, फलक धरणाऱ्यांवर नाही. 2015 मध्ये, लागोपाठ दोन एफए कप जिंकल्यावर, स्वतःहून बाजूला झाले असते तर पुतळा तेव्हाच उभा राहिला असता आणि मोर्चाची वेळच आली नसती.

इझलिंग्टनची_मधुरा

एक गोष्ट कोणीच काढली नाही. वेंगर गेल्यावर तीनच महिन्यांत, ऑगस्ट 2018 मध्ये, क्रोंकेंनी दुसरा मोठा भागधारक उस्मानोव्हचा जवळपास 30 टक्के हिस्सा विकत घेतला आणि क्लब पूर्ण ताब्यात घेतला. इंग्लंडच्या कायद्यानुसार मग उरलेल्या छोट्या भागधारकांचे शेअरही सक्तीने घेता येतात, तसे ते घेतले. त्यात एकेक शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कुटुंबं होती. तो शेअर असला की दरवर्षी भागधारकांच्या सभेत उभं राहून संचालकांना प्रश्न विचारता यायचा. वेंगरलाही तिथे प्रश्न विचारले गेले होते. ती सभाच बंद झाली. चाहत्यांच्या संघटनेने निषेध नोंदवला, पण विमान उडालं नाही, बाराव्या मिनिटाला फलक वर गेले नाहीत. दोन वर्षं सगळी ताकद एका माणसाला घालवण्यात खर्ची पडली होती.

हायबरीकर

त्या वेळी मोर्चा निघायला हवा होता, आणि तो नॉर्विचच्या दिवसापेक्षा दहापट मोठा हवा होता. त्यावर माझं तुमच्याशी भांडण नाही. पण म्हणून 2017 मध्ये चाहत्यांनी गप्प बसायला हवं होतं, हे मी मान्य करणार नाही.