पुलावर बुजणारा घोडा

'घोडा पुलापाशी आला की बुजतोच' अशी स्वाराची तक्रार असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात स्वारांना सांगितलं होतं, चौथ्या फेरीला छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही, तरी स्वार आणि घोडा दोघांच्याही हृदयाचे ठोके वाढले. बुजणार हे गृहीत धरलं की आपला श्वास अडतो, मांड्या आवळतात, लगाम नकळत आखडतो; घोड्याला तोच धोक्याचा इशारा. त्याला हट्टी म्हणणं अन्यायाचं आहे. पुलाच्या वीसेक पावलं आधी लांब श्वास सोडा, नजर पलीकडच्या काठावर, कोपरं सैल. थबकला तर टाचा मारत बसू नका. पायांनी हलका दाब ठेवा, एक पाऊल पुढे पडताच दाब सोडा. थबकलेला असतानाच सोडलात, तर तो थबकायलाच शिकेल.