कामाच्या जागी देवधर्म: तुमचे अनुभव लिहा

लेथवाला: आज सोसायटीच्या वॉचमननं सायकलला झेंडूची माळ घातली होती. बघून भोसरीचं वर्कशॉप आठवलं. खंडेनवमीला दुपारी मशिनं बंद, रॉकेलनं पुसायची, हळदकुंकू, नारळ, पेढे. आमचे चाचा आपल्या लेथला स्वतः माळ घालायचे, नारळ मी फोडायचो. रमजानात ते सेकंड शिफ्टला असले की रोजा सोडायला वीसेक मिनिटं जायचे, मशीन मी बघायचो. नवे मॅनेजर आले आणि "प्रॉडक्शन पडतं" म्हणून हे बंद केलं. पूजा मात्र चालूच. चाचांनी 19 वर्षांची नोकरी सोडली. पुढच्या खंडेनवमीला त्यांच्या लेथला माळ घालायला कुणाचाच हात पुढे होईना. तुमच्याकडे कसं असतं?

दिवेघाट: मी दरवर्षी पुणे ते सासवड चालते, माउलींच्या पालखीबरोबर. एकच दिवस. सर आधीच विचारतात, "रजा टाकली का?" दुसरीकडे पगार जास्त मिळत होता, गेले नाही.

निळाई: आमच्याकडे ऑफिसात सत्यनारायण, वर्गणी न विचारता पगारातून. मी पूजेला बसत नाही, तर अप्रेझलला "टीममध्ये मिसळत नाही". आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जायला रजा मागितली की "दरवर्षी काय जायचं?" काम आवडतं हो माझं. तरी सकाळी निघताना पोटात गोळा येतो.

लेथवाला: ताई, वाईट वाटलं. वर्गणीचं लेखी विचारा.

टपालवाली: आम्हा केंद्र सरकारवाल्यांना वर्षाला 2 वैकल्पिक सुट्ट्या, यादीतून आपण निवडायच्या. मी पारशी नववर्ष घेतलं तरी कुणी का म्हणून विचारत नाही. निळाई, खासगीतही असं हवं गं.

भोसरी२: रॉकेल मिळतं का अजून? आम्ही डिझेलनं पुसतो.

दिवेघाट: डिझेलनं हात फाटतात दादा, नंतर खोबरेल लावा.

शारजाकर: इकडे रमजानात कायद्यानंच सगळ्यांचे रोजचे 2 तास कमी, रोजा असो नसो. तो महिनाभर मुलीला शाळेतून मी आणतो. सहकाऱ्यांसमोर दिवसा पाणी पीत नाही, आत जाऊन पितो. कुणी सांगितलेलं नाही, मलाच बरं वाटतं. बाकी नंतर लिहितो, कुकर झाला.

निळाई: लेथवालादादा, मेल टाकला आत्ताच. हात थरथरत होते. चाचा आता कुठे असतात?

लेथवाला: चिखलीला, मुलाचं गॅरेज आहे. मघाशी फोन लावला, उचलला नाही. शुक्रवार आहे, नमाजाला गेले असतील. तीननंतर लावतो.