मदत हवी आहे: नोंदवहीत न दिसणारे वाचन कसे मोजावे? (महाविद्यालयीन विद्यार्थी आणि प्रजनन आरोग्य, कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार.

मी कोल्हापूर शहरातील एका वरिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल असून, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वाचनसवयी आणि त्यांचे प्रजनन आरोग्याविषयीचे ज्ञान यांचा परस्परसंबंध या विषयावर पीएच.डी.साठी संशोधन करत आहे. आराखडा मंजूर झाला आहे आणि प्रश्नावलीचा पहिला मसुदाही हाताशी आहे. परंतु ज्याचे मोजमाप करायचे ते वाचनच कोणत्याही नोंदीत सापडत नसल्यामुळे, प्रश्नावली छापायला देण्यापूर्वी येथील ग्रंथपाल, संख्याशास्त्राचे जाणकार आणि युवकांच्या आरोग्यावर काम करणारी मंडळी यांचा सल्ला घ्यावा असे वाटले.

आमच्याकडे ड्यूई दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याची पद्धत, वापरले जाते. मानवी प्रजननाच्या शरीरक्रियेची पुस्तके ६१२.६ या क्रमांकाखाली, संततिनियमन आणि लैंगिक आरोग्याची ६१३.९ खाली, तर स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची ६१८ खाली येतात. देवघेवीच्या नोंदी पाहिल्या तर ही पुस्तके जवळजवळ कोणी घरी नेतच नाही. पुस्तके हातात घेतली की मात्र वेगळेच चित्र दिसते. ६१३.९ मधील एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही, आणि तरीही मासिक पाळी व गर्भधारणा यांवरच्या प्रकरणाची पाने कडेने काळवंडून मऊ पडली आहेत, बांधणी नेमकी त्याच ठिकाणी सैल झाली आहे. पुढची-मागची पाने कोरी करकरीत आहेत. हे पुस्तक अधूनमधून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांच्या मागे आडवे ठेवलेले सापडते, म्हणजे कोणीतरी ते उद्या पुन्हा वाचण्यासाठी तिथे दडवून ठेवलेले असते. काउंटरवर ओळखपत्र दाखवून, मागे वर्गमित्रांची रांग असताना, हे पुस्तक स्वतःच्या नावावर लावून घेण्याचे धाडस विद्यार्थी करत नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

वाचनसवयींच्या रूढ प्रश्नावल्याही येथे उपयोगी पडत नाहीत. ‘आपण दररोज किती वेळ वाचता?’ असे विचारले की शहरातील अभ्यासिकांमध्ये बसणारे विद्यार्थी सहा-सात तास असे उत्तर देतात, आणि ते खरेही असते. पण ते सगळे वाचन राज्यसेवा किंवा पोलीस भरतीच्या तयारीचे असते. उलट शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडून एस.टी.ने ये-जा करणाऱ्या मुली दुपारची गाडी गाठण्यासाठी लवकर निघतात, त्यामुळे ग्रंथालयात त्या फार कमी दिसतात. मात्र गाडीत बसून मोबाइलवर त्या काय वाचतात हे मला समजण्याचा मार्ग नाही.

शिवाय विद्याशाखेचा प्रश्न आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान व तंत्रज्ञान भाग २ या पुस्तकात मानवी प्रजननसंस्था आणि ऋतुचक्र यांची माहिती सर्वांनाच असते. त्यानंतर बारावीला जीवशास्त्र घेणारे विद्यार्थी हाच विषय अधिक खोलात शिकतात, तर कला व वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकातला हा धागा दहावीलाच तुटतो. म्हणजे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला जास्त गुण मिळाले तर ते वाचनामुळे की अभ्यासक्रमामुळे, हे वेगळे कसे करायचे?

हा विषय मी निवडला तो पदवीसाठी सोयीचा म्हणून नव्हे. मराठीत या विषयावर लिहिणे नवे नाही, र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. एवढा काळ लोटल्यानंतरही पदवीच्या वर्गातील मुलीला हे ज्ञान लपूनछपून, उभ्या उभ्या, चार पानांत गोळा करावे लागत असेल, तर तिच्यापर्यंत काय पोहोचते आणि काय अर्धवट राहते हे ग्रंथपालाला ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

माझी विचारणा अशी आहे. ग्रंथालयात बसून होणारे वाचन, वाचकाची ओळख उघड न करता, कसे मोजावे? प्रश्नावलीत वाचनाविषयी कोणते प्रश्न विचारावेत? आणि अकरावी-बारावीचे विद्यार्थी नमुन्यात घ्यावेत की नाही? नमुना ३८४ जणांचा धरला आहे, तो पुरेसा आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद (संख्याशास्त्राचे अध्यापक)

मॅडम, आधी आकड्याविषयी लिहितो. ३८४ हा आकडा ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के त्रुटी आणि प्रमाण ०.५ धरून येतो, परंतु तो साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी एकेकाची स्वतंत्र निवड केली तर, आहे. आपण बहुधा महाविद्यालये निवडून त्यांतील अख्खे वर्ग घेणार आहात. एका वर्गातील मुले एकमेकांसारखी असतात, त्यामुळे हा आकडा वाढवावा लागतो. वाढीचा गुणक १.५ धरला तरी ५७६ जण लागतील, आणि अपूर्ण राहणाऱ्या प्रश्नावल्यांसाठी थोडी भर वेगळी घालावी लागेल.

विद्याशाखेचा गुंता नुसत्या सहसंबंधाने सुटणार नाही. बहुचल प्रतिगमन (अनेक घटकांचा परिणाम एकमेकांपासून वेगळा करून दाखवणारी पद्धत) वापरून शाखा, लिंग, आईचे शिक्षण, शालेय माध्यम आणि वसतिगृहात की घरी राहणे हे घटक एकत्र घ्या. त्याहून सोपी खबरदारी म्हणजे विज्ञान शाखेचे विश्लेषण स्वतंत्र दाखवावे. ज्ञानाचे प्रश्न बरोबर-चूक पद्धतीचे असल्यास त्यांची विश्वसनीयता, म्हणजे ते एकमेकांशी सुसंगत आहेत का हे, कूडर-रिचर्डसन २० या सूत्राने तपासावी आणि ‘माहीत नाही’ हा पर्याय अवश्य ठेवावा. माहीत नसणे आणि चुकीचे माहीत असणे यांत फार मोठा फरक आहे.

उत्तरे लपवली जाण्याची भीती वाटत असेल तर वॉर्नर यांची १९६५ मधील यादृच्छिक प्रतिसाद पद्धतही पाहावी. विद्यार्थी कोणालाही न दाखवता, दोन विरुद्ध विधानांपैकी एक लिहिलेली चिठ्ठी उचलतो आणि तिच्यावरील विधानाला होय किंवा नाही असे उत्तर देतो, त्यामुळे तो कोणत्या विधानाविषयी बोलतो आहे हे संशोधकाला कळतच नाही.

प्रतिसाद (ग्रंथपाल, गडहिंग्लज)

ताई, आमच्याकडेही हेच आहे. टेबलावर राहिलेली पुस्तके मोजण्याची रूढ पद्धत या पुस्तकांना लागू पडत नाही, कारण ती कोणी टेबलावर ठेवतच नाही. त्याऐवजी निवडक पुस्तकांत ठरावीक प्रकरणांच्या सुरुवातीला कागदाची अरुंद पट्टी, पुस्तक उघडले की सरकेल अशी, सैल ठेवावी. आठवड्यातून एकदा, ग्रंथालय बंद झाल्यावर, कोणती पट्टी हलली आहे हे पाहून नोंद करावी आणि ती पुन्हा जागेवर ठेवावी. यातून कोणी वाचले हे कधीच कळत नाही, पण कोणते प्रकरण उघडले गेले हे कळते. तुलनेसाठी आहारशास्त्राच्या काही पुस्तकांतही पट्ट्या ठेवा, म्हणजे सहज चाळले जाणे किती हे समजेल. आणि मार्गदर्शकांच्या मागे सापडलेले पुस्तक मूळ जागी नेण्याआधी तेही नोंदवून ठेवा. तो तर वाचनाचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

प्रतिसाद (समुपदेशक, मैत्री क्लिनिक, म्हणजे किशोरवयीनांसाठीचे सरकारी आरोग्य केंद्र)

मॅडम, अठरा वर्षांखालील विद्यार्थी या टप्प्यावर घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पालकांच्या लेखी संमतीशिवाय त्यांना घेणे योग्य नाही, आणि त्या संमतीच्या कागदावर विषय वाचून ज्या घरांतून नकार येईल, नेमक्या त्याच घरांतील मुलांची माहिती आपल्याला हवी असते. शिवाय २०१२ च्या पॉक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार, अठरा वर्षांखालील मुलाबाबत लैंगिक गुन्हा घडल्याचे समजले तर ते कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे अशा मुलांना वैयक्तिक अनुभव विचारणारी आणि गुप्ततेचे सरसकट आश्वासन देणारी प्रश्नावली त्यांनाही अडचणीत आणते आणि आपल्यालाही. पदवीच्या पहिल्या वर्षातील, अठरा पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना ‘बारावीपर्यंत ही माहिती प्रथम कोठून मिळाली?’ असे विचारता येईल.

ज्ञानाच्या प्रश्नांत गर्भधारणेची शक्यता असलेल्या दिवसांविषयी एक प्रश्न नक्की ठेवा. अंडोत्सर्ग (स्त्रीबीज बाहेर पडणे) साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी होतो, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते आणि शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, ही तीन विधाने एकत्र जुळवता येणारे तरुण आमच्याकडे क्वचितच येतात. ‘पाळी सुरू झाल्यापासून चौदावा दिवस’ एवढेच पाठ असते, आणि ज्यांचे चक्र ३५ दिवसांचे आहे त्यांचा हिशेब तिथेच चुकतो. अर्धवट वाचन ओळखायला हा प्रश्न उत्तम आहे.

मूळ प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. अठरा वर्षांखालील विद्यार्थी वगळत आहे, आणि नमुना ५७६ पेक्षा मोठा ठेवण्यासाठी ग्रामीण भागातील आणखी दोन महाविद्यालये घेण्याविषयी मार्गदर्शकांशी बोलणार आहे. कागदाच्या पट्टीची कल्पना तर मला फारच मोलाची वाटते. महाविद्यालयाच्या नैतिकता समितीपुढे ती मांडून मगच सुरुवात करीन.

सर, यादृच्छिक प्रतिसाद पद्धतीने गटातील एकूण प्रमाण कळेल, परंतु कोणत्या विद्यार्थ्याने वाचले हे कळणार नसल्यामुळे त्याचे वाचन त्याच्याच ज्ञानाच्या गुणांशी थेट जोडता येणार नाही, आणि माझ्या संशोधनाचा गाभा तर तो संबंधच आहे. म्हणून नाव नसलेली प्रश्नावली आणि बंद पेटी हा साधा मार्ग ठेवून, ‘या विषयावर शेवटचे काही वाचले ते कोठे, कशावर आणि कोणती शंका होती म्हणून?’ असा एका प्रसंगापुरता प्रश्न विचारावा असा विचार आहे. एका विशिष्ट वेळेचे आठवून सांगणे ‘नेहमी, कधी कधी, क्वचित’ यांपेक्षा सोपे जाते. यात संख्याशास्त्राच्या दृष्टीने काही खोट राहते का, हे कृपया सांगावे.

एक अडचण अजून सुटलेली नाही. एस.टी.ने येणाऱ्या मुलींकडून प्रश्नावली वर्गातच भरून घ्यावी लागेल, पण बाकांवर दाटीने बसलेल्या असताना शेजारणीची नजर पडेल या भीतीने त्या सुरक्षित तेवढीच उत्तरे देतील. परीक्षेसारखी एकाआड एक बैठक घेतली तर विषयाचे दडपण वाढते, आणि घरी नेऊन भरायला सांगितले तर ती प्रश्नावली घरच्यांच्या हाती पडू शकते. ग्रामीण महाविद्यालयात अशा विषयाची प्रश्नावली ज्यांनी भरून घेतली असेल, त्यांनी बैठक, वेळ आणि वर्गात प्राध्यापक थांबले होते की नाही, हे तपशिलाने लिहावे ही विनंती.