मदत हवी आहे : डेबियन पॅकेजमध्ये ब्लोफिशच्या जुन्या फाइल्स उघडेनात

राम राम मंडळी. कोल्हापुरात बसून फाइल एन्क्रिप्ट करणाऱ्या एका छोट्या टूलचं डेबियन (लिनक्सची एक आवृत्ती) पॅकेज सांभाळतो. टूल ज्यावर चालतं त्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या १.१.१ आवृत्तीचा सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्ये संपला, म्हणून टूल आवृत्ती ३ वर आणलं. बिल्ड बिनबोभाट होतो, पण जुनी फाइल उघडायची टेस्ट 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स : अनसपोर्टेड' म्हणून पडते. कारण सापडलंय. ब्लोफिश ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत आता लेगसी प्रोव्हायडरमध्ये (लायब्ररीचा जुन्या पद्धतींसाठीचा वेगळा भाग) आहे आणि तो आपोआप लोड होत नाही.

नुसता लेगसी लोड केला तर एईएसच (आजची नेहमीची एन्क्रिप्शन पद्धत) गायब! डिफॉल्ट प्रोव्हायडरही स्वतः लोड करावा लागतो (यात दोन रात्री गेल्या). तसा पॅच लावल्यावर माझ्याकडे टेस्ट पास होते. मूळ लेखकाला पाठवलाय, उत्तर नाही.

सिस्टिमच्या कॉन्फिग फाइलला हात लावायचा नाही, बाकीच्या प्रोग्रॅम्सवरही परिणाम होतो. ब्लोफिश काढूनही चालणार नाही, मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्याचे दहा वर्षांचे हिशेब त्यातच आहेत. नवीन फाइल्स एईएस-२५६ नेच होतात.

अडलंय ते इथे : ट्रिक्सीत (डेबियन १३) लेगसी प्रोव्हायडर वेगळ्या पॅकेजात गेलाय. बहुतेकांना तो लागणारही नाही. मग त्याला डिपेंड्समध्ये (सक्तीने इन्स्टॉल होणारी पॅकेजेस) टाकू, की रेकमेंड्समध्ये (सहसा सोबत येणारी, पण वगळता येणारी) ठेवून, नसेल तर स्पष्ट एरर देऊ?