मुलांच्या ऐतिहासिक गोष्टीत शेवटी मिठी मारलीच पाहिजे का?

महालातली मास्तरीण
परवा इथे एका ताईंनी लिहिलं, "मुलांसाठीच्या ऐतिहासिक गोष्टीचा शेवट समेटानेच व्हायला हवा. मोठ्यांची भांडणं मुलांच्या खांद्यावर देऊ नका." खाली बदामांचा पाऊस. तिथे उत्तर लिहायला घेतलं तर ते पोस्टपेक्षा मोठं झालं, म्हणून वेगळा धागा.

ज्या गोष्टीवरून त्या बोलल्या ती आमच्या उन्हाळी शिबिरात वाचली गेली. लेखक हौशी आहेत, नाव सांगत नाही. साल १९४२, नागपूरच्या महाल भागातला वाडा, दोन भाऊ. धाकट्याने पोलिसांना खबर दिली आणि थोरल्याचा मुलगा जेलात गेला. परत आला तो क्षय घेऊनच. वाड्याच्या मधोमध भिंत उठली, एकमेकांकडचं हळदीकुंकूसुद्धा बंद. मग १५ ऑगस्ट १९४७ ला थोरल्याचा बारा वर्षांचा नातू त्या काकाआजोबांचा हात धरून त्यांना आजोबांपुढे उभं करतो. डोळ्यांत पाणी, मिठी, झेंडा, समाप्त.

आता मला सांगा, मुलाच्या खांद्यावर दिलं कोणी? दोन म्हाताऱ्यांना जे जमलं नाही ते त्या पोराकडून करून घेतलंय! आणि ज्याने खबर दिली त्याच्या तोंडी अख्ख्या गोष्टीत "हो, मीच सांगितलं" एवढंसुद्धा नाही. आजोबांनी माफ करायचं, का? तर नातू गोड आहे. शंकर महाले १९ जानेवारी १९४३ ला याच नागपूरच्या जेलात फाशी गेला, वय जेमतेम १८. त्या शहरातली, त्याच वर्षांतली गोष्ट लिहायची आणि खबऱ्याला एका झेंड्यात मोकळं करायचं?

मुलांना कडू झेपत नाही म्हणे. 'काका, मला वाचवा' आपण सगळ्यांनी गच्चीवर खेळलंय. गारदी व्हायला तर मारामारी असायची. ३० ऑगस्ट १७७३ ची ती गोष्ट; तिच्यात राघोबाला कोणी मिठी मारत नाही. रामशास्त्री देहान्त प्रायश्चित्त सांगतात आणि पुणं सोडतात. कोणाचं मूल बिघडलं त्याने?

रविनगरची आई
ती ताई मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं मॅडम.

'काका, मला वाचवा' मुलं खेळतात कारण तो खून त्यांच्या घरातला नाही. पेशव्यांची वंशावळ कोणाला रात्री आठवते? तुम्ही वर्गात चाळीस मुलांना गोष्ट वाचून दाखवता, मी घरी एका मुलाला. आमच्याकडे सासऱ्यांचं येणं बंद झालं ते घराच्या वाटणीवरून. लेकाला एवढंच माहीत की आजोबा आता येत नाहीत. अशाच एका गोष्टीतला नातू आजोबांना आणतो हे वाचून त्याने माझ्या फोनवरून स्वतः फोन लावला. मला विचारलंही नाही. सासरे संत्रा बर्फी घेऊन आले. आता दर रविवारी येतात, त्याच्याशी कॅरम खेळतात. कबुली कोणी दिली नाही, कोणी मागितलीही नाही. तुमच्या रामशास्त्र्यांना बोलावलं असतं तर अजून तारखाच पडत राहिल्या असत्या.

तर्रीपोहा
नागपुरात बसून माफीवर चर्चा! राजेहो, १८५७ ला इंग्रजांना साथ दिली म्हणून भोसल्यांच्या राणी बाकाबाईला आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाळतो, काळी मारबत म्हणून तिचा पुतळा मिरवून. काळी मारबत १८८१ पासून निघते म्हणतात. बाई १८५८ लाच गेली होती. मेल्यावर तेवीस वर्षांनी जाळायला सुरुवात केली अन् अजून हात थांबला नाही. तिला आणायला कोणता नातू पाठवता?

महालातली मास्तरीण
@रविनगरची आई, छान झालं, मनापासून सांगते. पण रविवारी सासरे येतात तेव्हा तुमचे यजमान घरी असतात का?

रविनगरची आई
हा प्रश्न विचारायचा तुम्हाला काहीही अधिकार नाही.

इतवारीवाला
@तर्रीपोहा काळी मारबत म्हणजे बाकाबाई हे कोणी सांगतलं बाप्पा तुम्हाले? आमची आजी जन्मभर एवढंच ओरडली, "इडा-पिडा, खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत." रोगराईची मारबत आहे ती. पिवळी मारबत तर आमच्यासाठी देवीच आहे, बायका ओटी भरतात, लेकरं पायावर घालतात. हे बाकाबाईचं पेपरवाल्यांनी दरवर्षी छापून छापून पक्कं केलं. तुम्ही धरमपेठेतले लोक वर्षातून एकदा मोबाईल घेऊन येता, व्हिडिओ काढता, अन् आम्हाले आमचाच सण शिकवता.

तर्रीपोहा
मी धरमपेठेतला नाही, हनुमाननगरचा आहे. आणि बाकाबाईचं नाव माझ्या आजोबांकडून ऐकलं, पेपरातून नाही.

इतवारीवाला
हनुमाननगर काय अन् धरमपेठ काय. जुन्या नागपुराच्या बाहेरचंच ना.

उमरेड रोड
दोघंही थोडे थांबा. बाकाबाई इंग्रजांकडे का झुकली ते घरातच सापडतं, आणि मास्तरीणबाईंच्या मूळ मुद्द्याला ते फार लागू आहे. १८१६ ला नागपूरचे राजे रघुजी भोसले दुसरे गेले. मुलगा परसोजी गादीवर, पण शरीराने अधू, म्हणून चुलतभाऊ आप्पासाहेब कारभारी झाले. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. संशय थेट आप्पासाहेबांवर. त्याच नोव्हेंबरात हेच आप्पासाहेब सीताबर्डीला इंग्रजांशी लढले आणि आपल्या पुस्तकांत वीर झाले. बाकाबाई रघुजींची राणी. तिने काय करायचं होतं? नवऱ्याच्या मुलाला संपवल्याचा ज्याच्यावर संशय, त्याच्या झेंड्याखाली उभं राहायचं? तुम्ही १८५७ चा हिशेब मांडता, तिच्या डोक्यात १८१७ असेल.

आणि त्याच्याही मागे जा. उमरेडला जाताना पाचगाव लागतं, सगळे चहा पिऊन पुढे जातात. तिथे जानेवारी १७७५ मध्ये मुधोजी आणि साबाजी हे सख्खे भाऊ लढले आणि साबाजी मारला गेला. भांडण होतं त्यांच्या थोरल्या भावाच्या, जानोजीच्या गादीवर बसलेल्या पोराच्या नावाने कारभार कोणी करायचा याचं. पोरगा म्हणजे मुधोजीचाच मुलगा, जानोजीला दत्तक दिलेला. तोच पुढे रघुजी दुसरा. बापाने काकाला मारलं ते आपल्याच गादीपायी, हे ज्याला पोरवयात कळलं असेल त्याने पुढे तान्हा पोळा सुरू केला असं नागपुरात सांगतात. लाकडी बैल, लेकरांचा सण! ही गोष्ट मुलांसाठी कोणी का लिहीत नाही? आपल्याकडे ऐतिहासिक म्हटलं की पुणं, रायगड, पन्हाळा. नागपूरकर भोसले कलकत्त्याच्या वेशीपर्यंत चौथ मागायला गेले होते, पण आमच्या पोरांना ते परीक्षेत दोन मार्कांचं.

तर्रीपोहा
म्हणजे इंग्रजांना साथ देणं हा घरगुती मामला झाला. उद्या कोणीही म्हणेल, माझ्या चुलतभावाने त्रास दिला म्हणून मी खबर दिली.

उमरेड रोड
म्हणेलच. आणि बहुतेक वेळा खरंही असेल. त्या महालातल्या धाकट्या भावाने खबर का दिली हे लेखकाने कधी विचारलं का? पैशासाठी? भीतीने? की थोरल्याने बापाच्या वेळी वाड्याचा रस्त्याकडचा भाग दाबला होता म्हणून? वाड्यातली भिंत एका दिवसात उठत नसते.

इतवारीवाला
हे सगळं खरं धरलं तरी मारबतीत बाकाबाई नाही. एवढंच म्हणतो.

बेझनबाग
बराच वेळ वाचतोय. आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या कोणाच्याच साच्यात बसत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६. आजोबा व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर गेले, बाबासाहेबांकडून दीक्षा घेऊन आले. घरी येऊन देव्हाऱ्यातले सगळे टाक फडक्यात बांधले आणि पाण्यात शिरवून टाकले. त्यात त्यांच्या आईचा खंडोबाचा टाक होता, तिने माहेरहून आणलेला. थोरले भाऊ तेव्हा गावी होते. आले आणि विचारलं, आईची वस्तू मला न विचारता का नेली? त्या दिवशी चुली वेगळ्या झाल्या. पुढे थोरल्यांनीही दीक्षा घेतली. धर्मावरून वाद उरलाच नाही. तरी बोलणं नाही, कारण आई मध्ये मरून गेली होती आणि टाक परत येणार नव्हता. दोघं दर वर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचे. वेगवेगळ्या रांगेत.

माझ्या मुलाने शाळेतल्या स्पर्धेसाठी हीच गोष्ट लिहिली. शेवटही तसाच ठेवला, दोन रांगा. मॅडमनी परत पाठवली: शेवट सकारात्मक करा, दोघांना स्तूपापाशी भेटवा. पोरगा म्हणाला, पण भेटले नव्हते. तर म्हणे गोष्ट आहे ना, गोष्टीत भेटवायचं.

महालातली मास्तरीण
हेच तर मी पहिल्यापासून सांगतेय! खरं झालं ते लिहू द्यायचं नाही, आणि वर त्याला संस्कार म्हणायचं.

बेझनबाग
नाही मॅडम, तुम्ही हे सांगत नाही. तुम्हाला गोष्टीत गुन्हेगार हवा, त्याने कबूल करायला हवं, मग पुढचं. आमच्याकडे कबूल कोणी करायचं? आजोबांनी जे केलं त्याशिवाय मी आज हे लिहीत बसलो नसतो, ते चुकले असं मी सात जन्मांत म्हणणार नाही. आणि मोठे आजोबा आईसाठी रडत होते. ताई म्हणतात मिठी द्या, तुम्ही म्हणता निकाल द्या. माझ्या पोराने दोन रांगा दिल्या, त्या तुम्हा दोघींनाही पुरत नाहीत.

रविनगरची आई
बेझनबाग दादा, तुमच्या मुलाची गोष्ट बदलायला नको होती. हे मी मान्य करते. पण ती त्याच्या घरची आहे, त्याला ती सांभाळता येते. ज्या मुलाच्या घरी आत्ता, या आठवड्यात कोणी कोणाशी बोलत नाही, त्याच्या हातात दोन रांगांची गोष्ट दिली तर तो काय समजेल? की हे असंच मरेपर्यंत चालतं. मला माझ्या लेकाला हे सांगायचं नव्हतं.

महालातली मास्तरीण
पण चालतं ना मरेपर्यंत! आणि ज्या मुलाने फोन केला आणि आजोबा आलेच नाहीत, त्याचं काय? त्याने गोष्टीतल्या नातवासारखं सगळं केलं, हात धरला, रडला, तरी म्हातारा आला नाही. तो पोरगा काय समजेल? की आपणच कमी पडलो. असा एक माझ्या वर्गात होता. मधल्या सुट्टीत मला विचारायचा, "मी काय बोलायला पाहिजे होतं?" त्याला हे असलंच एक पुस्तक बक्षीस मिळालं होतं. म्हणून माझं डोकं फिरतं, उगाच नाही. मुलाने प्रयत्न केला आणि जमलं नाही, तरी मूल ठीक आहे, असं सांगणारी गोष्ट दाखवा मला एक.

तर्रीपोहा
मॅडम, हे आधी सांगायचं ना. पहिल्या पोस्टमध्ये रामशास्त्री कशाला आणले?

रविनगरची आई
रविवारी आमचे हे बॅडमिंटनला जातात. सासरे यायच्या आधी निघतात, ते गेल्यावर येतात. झालं समाधान?

महालातली मास्तरीण
समाधान कशाचं. मी जे विचारलं ते टोचून विचारलं, आणि तुम्ही तरी उत्तर दिलंत. पण मग तुमच्या घरात समेट झालेला नाही. नातवाला आजोबा मिळाले, ही वेगळी आणि चांगली गोष्ट झाली. बाप-लेकांचं तसंच आहे. असा शेवट लिहा ना कोणीतरी: मुलगा कॅरम खेळतो आणि बाबांचे बूट दारात नसतात. माझी काही तक्रार नाही त्यावर.

रविनगरची आई
वा. माझं घर तुम्हाला पास झालं म्हणायचं.

उमरेड रोड
मारबतीचं अर्धवट राहिलं. काळी मारबत रोगराईची की बाकाबाईची, दोन्ही असू शकतं. लोक एकाच बाहुलीत बरंच काही कोंबतात. दरवर्षी मारबतीबरोबरच्या बडग्यांवर, म्हणजे त्या दुसऱ्या पुतळ्यांवर, महागाई, भ्रष्टाचार, पुढारी लिहून जाळतातच की.

इतवारीवाला
बडगे वेगळे, मारबत वेगळी. तुम्हाले कितीदा सांगू. या यंदा, सकाळी लवकर या, नेहरू पुतळ्याजवळ उभं राहा अन् म्हाताऱ्या बायांना स्वतः विचारा कोण आहे ती. मोबाईल खिशात ठेवून.

बेझनबाग
मास्तरीणबाई, एक विचारतो. त्या महालाच्या गोष्टीत धाकट्या भावाला मुलगी आहे म्हणालात ना शिबिरात? आमची भाची होती तिथे, तिने सांगितलं. भिंतीपलीकडची. ती कोणाशी खेळायची?

महालातली मास्तरीण
आहे. दोन ओळींत येते, विहिरीवर पाणी भरताना. नातवाच्याच वयाची. तिच्याशी कोणी बोलत नाही.

रविनगरची आई
तिने तर कोणाला खबर दिली नव्हती. तुमच्या निकालात ती कुठे बसते?

महालातली मास्तरीण
बसत नाही. म्हणून तिच्या बाजूने गोष्ट तुम्ही लिहा. मला तिच्या बापाचा एवढा राग आहे की माझ्याने व्हायचं नाही.

रविनगरची आई
लिहीन. पण शेवट मी ठरवणार, आणि शिबिरात तुम्ही तो बदलणार नाही.

महालातली मास्तरीण
मिठी असेल तर मी वाचताना बाहेर उभी राहीन.

तर्रीपोहा
बाहेर ४५ डिग्री असते मॅडम मे महिन्यात.