पुस्तक तेच, आवाज वेगळा: तुमचा अनुभव सांगा

परवा कोल्हापुरात रंकाळ्यावर संध्याकाळची फेरी मारताना कानात एक कादंबरी चालू होती. मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी येतो, आई दार उघडते आणि फक्त ‘आलास?’ म्हणते. हे पुस्तक मी दोनदा वाचलंय, दोन्ही वेळा नजर तिथून पुढं सरकून गेली होती. वाचणाऱ्या बाईंनी आधी बारीक श्वास घेतला आणि शब्द जवळजवळ पुटपुटल्या. मी संध्यामठाच्या बाजूला कट्ट्यावर बसूनच राहिलो. ती आई किती दिवस दाराकडं कान लावून होती, ते मला त्या श्वासात कळलं.

२०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप मराठी घेऊन भारतात आलं, तेव्हापासून मी ऐकतोय. ऐकणं म्हणजे वाचणं की नव्हे, या वादात मला पडायचं नाही. कुठल्या आवाजानं तुमच्यासाठी पुस्तक उघडलं आणि कुठल्या आवाजानं बिघडवलं, ते लिहा. वर आपल्या गावाचं किंवा पेठेचं नाव टाका. सविस्तर लिहा, घाई नाही.

वडणगे

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. रात्री जेवण झालं की अंगणात बाजलं टाकून ऐकतो. आपल्याकडच्या गावाची गोष्ट म्हणून हौसेनं एक ऑडिओबुक लावलं. आवाज खणखणीत. पण पाटील असो, मेंढका असो, घरची सून असो, सगळ्यांना एकच ‘गावाकडचा’ सूर. त्यात ‘काय करालाईस?’ हे ‘काय कराल, आईस’ असं मधोमध तोडलेलं. तेवढ्यावर मी सोडूनही दिलं असतं. पण पुढं एक बाप पोराच्या फीसाठी दुभती म्हैस विकतो. बाजारात दावं दुसऱ्याच्या हातात देतो आणि म्हणतो, ‘सांजचं जरा लवकर पिळा तिला.’ तिथंही तोच हसवायचा सूर! आमची बोली आली की हसायचं, हे त्या आवाजानं आधीच ठरवून टाकलेलं. मी बंद केलं, पुन्हा लावलं नाही.

वडिलांनी शंकर पाटलांचं कथाकथन समोर बसून ऐकलंय. पाटील पट्टणकोडोलीचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. वडील सांगतात, लोक पोट धरून हसायचे, पण आपल्या गावाला कुणी हसतंय असं एकदाही वाटायचं नाही.

गोकुळ शिरगाव

मी सगळं दीडपट वेगानं ऐकायचो. एकदा चुकून साध्या वेगावर लागलं, तर निवेदक दोन वाक्यांमध्ये थांबत होता. ते थांबणं मी इतके दिवस कापून टाकत होतो. आता माहितीची पुस्तकं पळवतो, गोष्टीला हात लावत नाही.

शिवाजी पेठ

माझा अनुभव ऐकण्याचा नाही, वाचून दाखवण्याचा आहे. चालेल ना?

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा करवीर नगर वाचन मंदिरातून ‘मृत्युंजय’ आणलं आणि रोज दुपारी तिला वाचून दाखवलं. शिवाजी सावंत आजऱ्याचे, आजीचं माहेरही आजरा, त्यामुळं या पुस्तकावर तिचा हक्कच. यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडानं बोलतात. मी उत्साहात प्रत्येकाला वेगळा आवाज काढला. दुर्योधन घोगरा, कुंती कापऱ्या आवाजाची. पोराला पाण्यात सोडते तिथं तर मी अगदी गळा दाटून आणला.

आजी काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, “तिला एवढं रडवू नगंस. ती रडत न्हाई, ती सांगालीया. इतकी वर्सं दाबून ठेवलेलं सांगताना माणूस रडतंय व्हय? सरळ बोलतंय.”

मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कसलाही आवाज न काढता. मधेच वर बघितलं तर आजीच्या हातातली माळ थांबलेली होती. आता कुठलंही ऑडिओबुक लावलं की पहिल्या पाच मिनिटांत मला कळतं, हा माणूस सांगतोय की करून दाखवतोय.

राजारामपुरी

मला जन्मापासून दिसत नाही. शिवाजी विद्यापीठातून एम. ए. केलं ते स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जोरावर. लोकांना वाटतं, मशीनचा आवाज म्हणजे शिक्षा. अभ्यासाला मला तोच हवा: सपाट, भरधाव. तुम्ही पानावरून नजर फिरवता तसा मी तो पळवतो.

कवितेला मात्र तो नको. आपला ‘ज’ लिहायला एक, बोलायला दोन. ‘जरा थांब’ मधला वेगळा आणि म्हातारपणाच्या ‘जरा’ मधला वेगळा. माझं मशीन दोन्हीकडं एकच लावतं आणि घासात खडा यावा तशी ओळ दाताखाली येते. माणसाला उच्चाराआधी अर्थ कळलेला असतो, तो ऐकू येतो.

शिवाजी पेठेतल्या ताई, कुंतीचं ते पान आजींसमोर पुन्हा वाचून रेकॉर्ड कराल का? मला ऐकायचंय. आणि आजी मधेच काही बोलल्या तर ते कापू नका.