सारा सिडन्सवर एकपात्री: काय वाचावं, काय दाखवावं?

तिसरी घंटा: अठराव्या शतकातली ब्रिटिश नटी सारा सिडन्स हिच्यावर पंचवीस मिनिटांचा एकपात्री बसवायचा आहे. १७५५ ते १८३१ असा सगळा पट घेतला की नुसती जंत्री होते. कुठली वर्षं ठेवू? मूळ साधनं कोणती? शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला लेडी मॅकबेथचा झोपेत चालण्याचा प्रवेश तिच्या पद्धतीने कसा करायचा?

जुनी संहिता: १७७५ ते १७८५ एवढंच घ्या. २९ डिसेंबर १७७५ला ती लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधली पोर्शिया म्हणून उभी राहिली आणि पडली. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी बाळंतपण झालेलं, आवाज पोचेना. पुढच्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमला असताना नोकरी गेल्याचं पत्राने कळलं. १७३७च्या कायद्यामुळे लंडनच्या मुख्य हंगामात गद्य नाटकाचा परवाना ड्रुरी लेन आणि कव्हेंट गार्डन या दोघांनाच. म्हणजे लंडन जवळपास बंदच. मग मँचेस्टर, यॉर्क, आणि १७७८पासून बाथ. बहुतेक जण ही वर्षं एका वाक्यात उरकतात आणि थेट १० ऑक्टोबर १७८२ला ड्रुरी लेनमध्ये गाजलेल्या 'इझाबेला' नाटकावर उडी मारतात. त्याने झालेला बदल चमत्कार वाटतो. भूमिकांचा साठा तयार झाला तो बाथमध्येच.

बाथ सोडतानाचा प्रयोग संहितेत हवाच. तो तिचा बेनिफिट होता, म्हणजे थिएटरचा खर्च वजा जाता गल्ला नटाचा. मे १७८२मध्ये तिने आपली तीन मुलं रंगमंचावर आणून 'जाण्याची ही कारणं' म्हणून दाखवली. भावनिक तर खरंच, पण हिशोबीही. दोन्ही ठेवा.

वाचायला जेम्स बोडनचं चरित्र (१८२७) आणि थॉमस कँबेलचं (१८३४). बोडनने ती हयात असताना लिहिलं, त्यामुळे नवऱ्याबद्दल फार काही मिळणार नाही. कँबेल भक्तिभावाने लिहितो, पण लेडी मॅकबेथवरचं तिचं स्वतःचं टिपण त्यात आहे. तिला ही बाई नाजूक, गोरी, मोहक दिसत होती. रंगमंचावर मात्र तिने दरारा उभा केला. ही विसंगती तुमच्या कामाची.

विंगेतून: प्रवेशाबद्दल. जी. जे. बेल या कायद्याच्या प्राध्यापकाने तिचा प्रयोग बघून टिपणं केली आहेत. त्यानुसार ती भराभर टेबलाकडे येते, दिवा ठेवते, हात चोळते, मधूनमधून एका हाताने पाणी उचलून घेतल्यासारखं करते. आपल्याकडे हा प्रवेश हमखास भुतासारखा सरपटत केला जातो. तो मोह टाळा. डोळे उघडे, कारण संहितेतच तसं म्हटलंय.

टेबल आधीच लावून ठेवा, कमरेच्या उंचीचं. वाकावं लागलं की चाल तुटते. तिच्याआधी ही भूमिका करणारी हॅना प्रिचर्ड मेणबत्ती हातातच धरायची. २ फेब्रुवारी १७८५च्या पहिल्या प्रयोगाआधी ड्रुरी लेनचा व्यवस्थापक शेरिडनने रंगपटात येऊन खाली ठेवू नका म्हणून हट्ट धरला होता. सिडन्सचं म्हणणं साधं: हात धुवायला दोन्ही हात मोकळे हवेत. सभागृहात ज्योत चालत नसेल तर एलईडी मेणबत्ती घ्या, पण आतून वजन भरा. हलकी मेणबत्ती लगेच कळते.

मॅकबेथच्या 'फसलो तर?' यावरचं 'आपण फसू' हे लेडी मॅकबेथचं उत्तर तिने काळानुसार तीन तऱ्हांनी म्हटल्याची नोंद आहे: आधी तुच्छतेचा प्रश्न, मग 'आपण'वर जोर देऊन आश्चर्य, शेवटी सपाट, खाली उतरणारं विधान. एकाच तालमीत तिन्ही करून बघा.

फूटलाइट: अंधारात एकच स्पॉट नको. तेव्हा मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे, आणि प्रेक्षागृहातली झुंबरंही पेटलेलीच. ड्रुरी लेनमध्ये गॅस १८१७चा, ती १८१२मध्येच निवृत्त. हाउस लाइट निम्म्यावर, समोरून खालून पिवळा उजेड. फक्त खालून दिलात तर हनुवटीच्या सावलीने चेहरा राक्षसी होतो. वरून थोडं भरा.

पोशाखासाठी रेनॉल्ड्सचं 'शोकदेवता' चित्र वापरू नका, ती पोझ आहे. गेन्सबरोचं १७८५चं बघा, लंडनच्या नॅशनल गॅलरीत: निळ्या पट्ट्यांचा झगा, पिसांची काळी हॅट. झोपेच्या प्रवेशाला मात्र पांढरं.

तिसरी घंटा: आभार! शेवट २९ जून १८१२च्या निरोपावर केला तर?

जुनी संहिता: चालेल, म्हणजे दहा वर्षांच्या चौकटीबाहेरचं तेवढंच एक दृश्य. झोपेच्या प्रवेशानंतर प्रेक्षकांनी नाटक पुढे जाऊच दिलं नाही. पण तिथे शांतता दाखवू नका. ती परत आली आणि भाचा होरेस ट्विसने रचलेलं पद्य म्हणाली. पद्य सामान्यच आहे, दोन ओळी पुरे.